डब्याचं झाकण

दादाचा गुडघा गेल्यापासून तो तळ्याकाठी गाडीजवळ थांबायचा आणि शिखरावर मी एकटाच जायचो. वर पोचलो की मी डब्याचं स्टीलचं झाकण उन्हात धरायचो. खालून दादाने त्याचं झाकण चमकवायचं, माथ्यावर जितकी माणसं दिसतील तितक्या वेळा, असं आमचं ठरलेलं. मला दर वर्षी न चुकता एकदा उत्तर यायचं.

यंदा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दादाही हट्टाने वर आला. आम्ही दोघं धापा टाकत माथ्यावर बसलो. मी आपलं सवयीने झाकण उन्हात धरलं.

तळ्याकाठी, आमच्या गाडीजवळ, दोनदा चकाकलं.

"पाणी चमकलं असेल," मी म्हणालो.

दादा बराच वेळ खाली बघत राहिला. "म्हणजे तुला खरंच उत्तर यायचं?"

"तूच तर द्यायचास."

"मी कुठला देतोय? तू चढायला लागलास की मी गाडीत ताणून द्यायचो. तू उतरून काच वाजवलीस की जाग यायची."

वारा पडला होता.

खाली पुन्हा चकाकलं. एकदा. दोनदा. मग जरा थांबून, नीट मोजून घेतल्यासारखं, तिसऱ्यांदा.

आम्ही दोघांनीही मागे वळून पाहिलं नाही.