लंडन ते निघोजे

१९५६ चा श्रावण. पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यानं हिंदुरावाला शिकायला लंडनला धाडलं होतं. इकडे निघोज्यात त्याची आई यशोदाबाई अंथरुणाला खिळली. "लेकाला एकदा बघू द्या," एवढंच ती म्हणत होती. शेवटी मामानं तार केली.

हिंदुरावानं मिळेल ते विमान धरलं. पाच हजार मैल तोडून तो सव्वीस तासांत मुंबईला उतरला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी इंद्रायणीच्या काठावर येऊन उभा राहिला. पलीकडे गाव दिसत होतं.

"पुलावरनं पानी चाललंय, राव. दोन दिस तरी नाव घालता यायची न्हाई," नावाडी म्हणाला. हिंदुराव तसाच पाण्यात शिरायला लागला, तेव्हा नावाड्यानं त्याला कमरेला धरून मागं ओढलं.

पलीकडच्या लोकांनी हिंदुरावाला ओळखलं. चौघांनी यशोदाबाईला बाजेवर घालून काठाशी आणलं. हिंदुराव अंगातला कोट काढून हलवत होता, "आये! आये!" म्हणून ओरडत होता. पाण्याच्या आवाजात काहीच पोचत नव्हतं.

मामानं तिची मान हातावर उचलून धरली. "अक्का, बघ की! तुझा हिंदुराव आलाय विमानानं!"

यशोदाबाई हसली. तिनं डोळे वर आभाळाकडे लावले, ते पुन्हा खाली आले नाहीत.