शेवटची ओळ

कंपनीच्या कुठल्या शाखेला राउटरमधून बाहेर इंटरनेटवर जायची वाट द्यायची, ते नियम लिहून त्याने खुर्ची मागे सारली. शाखांची नावं बिनचूक होती. पिशवी खांद्याला अडकवून तो घरी निघाला.

व्हरांडा ओलांडून त्याने जिन्याचं दार उघडलं. आत जिना नव्हता; आत्ताच सोडलेली राउटरची खोलीच होती, आणि खुर्चीवर त्याचा विसरलेला स्वेटर.

आज डोकं ठिकाणावर नाही, असं म्हणत तो पुन्हा निघाला. पुन्हा तीच खोली, तोच स्वेटर.

मग त्याच्या लक्षात आलं. नियमांच्या तळाशी ‘बाकी सगळ्यांना जाऊ दे’ ही ओळ राहिली होती. ती नसली की ज्याचं नाव नाही त्याला राउटर गुपचूप अडवतो. पण माणसाला? स्वतःवरच हसत त्याने ती ओळ लिहिली.

पाठीमागे दार उघडून बंद झालं. व्हरांड्यातून कुणीतरी उजवा पाय जरासा ओढत निघून गेलं. तोही तोच पाय ओढत चालायचा.

खुर्चीवर स्वेटर नव्हता. दारापलीकडे अजूनही तीच खोली होती.

दार उघडून उघडून हात भरून आले, तेव्हा त्याने टेबलावरच्या फोनवरून घरी फोन लावला. “अगं, मी ऑफिसातच अडकलोय.”

“कोण बोलतंय?” बायको म्हणाली. “थांबा हं, हे आत्ताच आलेत. अहो, ऑफिसातून फोन आहे.”

पलीकडे पाय ओढत कुणीतरी फोनजवळ आलं.

“ठेवून दे,” त्याचाच आवाज म्हणाला. “ती ओळ मी इथूनच पुसतो.”