पंधरा मिनिटं

सुशीलाबाईंचं शेवटचं एक वाक्य उरलं होतं, तेवढ्यात पडद्यावरचं सगळं लिखाण गेलं. त्या जागी लाल अक्षरं आली : 'आपण बराच वेळ निष्क्रिय असल्यामुळे आपल्याला बाहेर काढण्यात आले आहे.'

विक्रम त्यांच्या मागेच उभा होता. ते लाल वाक्य त्यानेच लिहिलं होतं.

विक्रम खराडीतल्या एका कंपनीत वेबसाइट बनवायचा. शाळा अर्धवट सुटलेल्या बायकांना दहावीला बसवणाऱ्या एका संस्थेच्या प्रवेशाची साइट त्याच्याकडे होती. 'मला का शिकायचं आहे' हे प्रत्येकीने स्वतः टाइप करायचं, अशी संस्थेची अट होती. बायकांचा फॉर्म मध्येच बंद होतो, असा मेल संस्थेच्या पूर्णिमाताईंनी त्याला दोनदा पाठवला होता. दोन्ही वेळा त्याने एकच उत्तर दिलं : 'सिस्टिम बरोबर आहे. फॉर्म उघडा ठेवून उठून जाऊ नये, असं बायकांना सांगा.' शेवटी आज, अर्जाच्या शेवटच्या दिवशी, ताईंनी त्याला स्वारगेटजवळच्या केंद्रावर बोलावून घेतलं. "अहो, एकदा याच," त्या म्हणाल्या होत्या. "कोण उठून जातंय, ते आम्हालाही दाखवा."

तो आला तेव्हा सुशीलाबाईंनी नुकती सुरुवात केली होती. वय साठीच्या घरात. येरवड्यातल्या एका शाळेत शिपाई म्हणून तीस वर्षं काढलेली. एकाच बोटाने त्या अक्षर शोधायच्या, दाबायच्या, मग मान वर करून ते उमटलं का बघायच्या. जोडाक्षर आलं की ओठ हलायचे. पंधरा मिनिटांत त्या खुर्चीवरून हलल्या नाहीत. कुणी पाणी आणून ठेवलं, तेही तसंच राहिलं.

साइट पंधरा मिनिटं वाट बघायची. पण नुसतं टाइप केलेलं तिला कळायचं नाही. पानाखालचं 'पुढे' हे बटण दाबलं तरच माणूस जागेवर आहे, असं ती धरायची. विक्रमला हे माहीत होतं. साइटची चाचणी घेणाऱ्या स्वरालीने ते तेव्हाच दाखवलं होतं. "चार ओळी लिहायला पंधरा मिनिटं कुणाला लागतात?" म्हणून तो हसला होता आणि पुढच्या कामाला लागला होता.

सुशीलाबाई वळल्या. त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र बघून संकोचाने उठायला लागल्या.

"साहेब, माझंच काहीतरी चुकत असणार. ही पाचवी वेळ. पण मी निष्क्रिय नव्हते हो. लिहीत होते."

विक्रमला त्यांच्याकडे बघवेना.

"बसा काकू," तो म्हणाला. "तुमचं काही चुकलेलं नाही. चूक माझी आहे. मला माहीत होती, तरी मी तशीच ठेवली."

त्यांना ते नीटसं कळलं नाही. "असू द्या," म्हणत त्या पुन्हा पहिलं अक्षर शोधायला लागल्या. त्याने त्यांना जरा थांबायला सांगितलं.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. सहाव्या वेळी सुशीलाबाईंचा अर्ज गेला. पूर्णिमाताईंनी मुदत आठवडाभर वाढवली. विक्रमने जुन्या नोंदी उघडल्या. फॉर्म अर्धवट असताना बाहेर काढल्या गेलेल्या आणि पुन्हा न फिरकलेल्या एकतीस बायका निघाल्या. ताई फोनकडे हात न्यायला लागल्या.

"ताई, फोन मी करतो," तो म्हणाला.

यादीतलं पहिलं नाव राधा ओव्हाळ. फोन त्यांच्या सुनेने उचलला. फॉर्म आता परत भरता येईल, हे त्याने तिला सांगितलं.

"सासूबाई घरी नाहीत. शाळेला जायचं म्हणून दुपारची धुण्याभांड्याची कामं सोडली होती त्यांनी. फॉर्म काही जाईना. मग म्हणाल्या, आपलं डोकंच नाही चालत. सोमवारपासून परत कामं धरलीत." मग तिने विचारलं, "निरोप देऊ का काही?"

"निरोप नको," विक्रम म्हणाला. "घर कुठे आहे ते सांगा. डोकं कुणाचं चाललं नाही, ते मलाच येऊन सांगायचंय त्यांना."