डाग कशाचा ते आधी सांगा

लाँड्रीच्या काउंटरवर पाटी होती : डाग कशाचा ते आधी सांगा. लपवलेला डाग इस्त्रीखाली पक्का होतो.

एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध अडकली होती. तिच्या टपावर बसलेला लिफ्टवाला पाना बाजूला ठेवून कराकरा खाजवत होता.

साबणाच्या पावडरचा विक्रेता, एरवी दर आठवड्याला गप्पा मारायला टेकणारा, महिनाभर लाँड्रीकडे फिरकला नव्हता.

परगावच्या एका हॉटेलात काउंटरवरच्या बाईने विचारलं होतं, "झाली का हो सुरू?" लिफ्ट सुरू झाली होती. मग बाकीचंही सुरू झालं.

हे शेवटचं लिफ्टवाल्याला टपावर बसल्या बसल्या आठवलं, आणि खाजवणारा हात जागीच थांबला. लाँड्रीवाली त्याची बायको होती.

"एका मित्राला खाज सुटलीय," तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला.

"मित्र बाहेर बसलाय?"

"नाही."

"मग पडद्यामागे जा आणि मित्राची पँट काढा."

त्यांनी नीट पाहिलं. "हे तसलं काही वाटत नाही. साबणाने कातडी पोळल्यासारखी दिसतेय. घरी साबण बदललात?"

लिफ्टवाल्याला हे लागलं. "अहो, माझ्या बायकोची लाँड्री आहे! तिच्या हातून कपड्यात साबण राहायचा म्हणजे लिफ्टनं आडवं चालायचं."

"बरं, राहिलं. पण खाज नसती तरी यायला हवं होतंत. यातले बरेच आजार गुपचूप बसतात, काही दाखवत नाहीत. आज रक्त आणि लघवी तपासू. काही आजार तपासणीत उशिरा दिसतात, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा. आणि बायकोलाही पाठवा."

"तिला काय सांगू?"

"खरं."

"दुसरं काही औषध नाही?"

"नाही."

तो लाँड्रीत आला तेव्हा बायको कुणाच्या तरी कोटाची कॉलर दाबत होती. आत जायची छाती होईना, म्हणून तो गिऱ्हाइकाच्या बाजूलाच उभा राहिला. वीस वर्षांचा संसार आज या फळीवरून परत मिळणार होता, नाहीतर नव्हता.

"असे परक्यासारखे काय उभे राहिलात?"

तिच्याकडे बघवेना, म्हणून त्याने पाटीकडे बघितलं. "डाग आहे," तो म्हणाला.

"कशाचा?"

त्याने सांगितलं. हॉटेल सांगितलं, बाई सांगितली, लिफ्ट मात्र अगदी चोख दुरुस्त केली होती हेही सांगितलं.

बायकोने इस्त्री उभी केली. "किती वेळा?"

"एकदाच. आईशप्पथ."

"तपासून घेतलंत?"

"आत्ता तिथूनच येतोय. रक्त दिलं, सगळं दिलं."

तिचे खांदे एकदम सैल झाले. बिचारी खचली, असं वाटून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"डॉक्टरीणबाई म्हणतात, तुलाही जावं लागेल."

"जाईन की."

"अगं, ओरड ना काहीतरी!"

"ओरडून डाग निघतो का?"

तो ढसाढसा रडला. तिने त्याला गिऱ्हाइकाचा रुमाल दिला, मग परत घेऊन धुण्यात टाकला. परगावची कामं बंद, गठ्ठे घरोघर पोचवायचं काम उद्यापासून तुमचं, ती म्हणाली. त्याने दोन्ही गालांत मारून घेतल्या आणि सगळं कबूल केलं.

"तुझ्यासारखी बायको दिवा घेऊन शोधली तरी—"

"पुरे. आधी या घाला." तिने काउंटरखालून चड्ड्यांची एक चळत काढून दिली. लोण्यासारख्या मऊ.

दोन दिवसांत खाज गेली. तपासणीतही काही निघालं नाही. मन मोकळं केलं की अंगही मोकळं होतं, हे तो पुढे लिफ्टमध्ये अडकलेल्या प्रत्येक माणसाला बाहेरून ओरडून सांगू लागला.

साबणाच्या विक्रेत्याने लाँड्रीत फोन करून "माझ्या तपासणीत निघालंय, तूही जाऊन ये आणि नवऱ्यालाही कसंतरी धाड" असं सांगितलं होतं, त्याच दुपारी बायकोने नवऱ्याच्या सगळ्या चड्ड्या धुण्याच्या सोड्यात बुडवल्या आणि न विसळताच वाळत टाकल्या होत्या.