फ्लेक्सवरचा चेहरा

जलीलभाईंनी माउस दोनदा फिरवला आणि पुनमच्या गालावरचा वण नाहीसा झाला.

"अजून थोडं," विरूपाक्ष सर त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. "भुवईपाशी राहिलंय."

तेही गेलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर नितळ गालाची, टपोऱ्या डोळ्यांची एक मुलगी हसत होती. पुनम तिच्याकडे बघतच राहिली. जन्मात पहिल्यांदाच तिला स्वतःचा फोटो पुन्हा पुन्हा बघावासा वाटला.

निकाल लागले की लातूरभर क्लासचे फ्लेक्स चढायचे. यंदा मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत विरूपाक्ष सरांच्या क्लासमधून पुनम पहिली आली होती. तिचा फोटो भर चौकात लागणार होता, पुरुषभर उंचीचा. डाव्या भुवईपासून हनुवटीपर्यंत उतरलेला तो जाड वण भूकंपातला होता. किल्लारीकडची गावं पडली तेव्हा ती तीन वर्षांची होती. घर गेलं, घरची सगळी माणसं गेली. तिला मातीखालून जिवंत काढलं आणि दवाखान्यातल्या दानम्मा नावाच्या आयाने लेक म्हणून घरी नेलं. दानम्माने हे तिच्यापासून कधी लपवलं नव्हतं. स्वतःची ख्रिस्ती श्रद्धा दिली, पण लेकराने आपल्या तोंडाने सांगितलेलं नाव तेवढं तसंच ठेवलं.

दानम्मा ड्यूटीवरून थेट स्टुडिओत आली होती. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती.

"माय, बघ की," पुनम म्हणाली.

दानम्मा उठली. चष्मा लावून तिने नीट पाहिलं. "चांगली हाय पोरगी," ती म्हणाली. "कोन हाय?"

सर हसले. पुनमला हसू आलं नाही. मनात कधीचं साठलेलं एकदम बाहेर आलं.

"तुला बोलायला काय जातं? पाळकसाहेब चर्चमध्ये सांगतात, देव तोंड बघत नाही, काळीज बघतो. बघत असेल देव! माणसं तोंडच बघतात. दवाखान्यातली बाकीची लेकरं लोकांनी नेली, मला कुणी हात लावला नाही. मी उरले म्हणून तुला मिळाले. येशूचं नाव घेऊन तू मला उचललंस, उपकार केलेस. पण एकदा तरी मला चांगलं दिसू दे ना!"



दानम्मा रागावली नाही. "उरली म्हनून?" तिने विचारलं. "कुनी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पाहिजे? दिसतंय की."

"मग आता ऐक. लोक लेकरं न्यायला आले ते लई मागून. मी त्याच्या आधीच तुला मागितलं होतं. त्या वार्डात गोरीगोमटी लेकरं होती, अंगावर ओरखडा न्हवता. सिस्टर मला म्हनल्या बी, दानम्मा, तुला मूलबाळ न्हाई, यातलं एखादं घे. पर मी तुझ्या खाटेपाशी उभी. तुझं समदं तोंड पट्टीत. एक डोळा आन व्हट, तेवढंच उघडं. शेजारच्या खाटेवर एक पोरगं आईसाठी रडून राहिलं होतं. मी तुझ्या हातात बिस्कीट दिलं. तू उपाशी होतीस, तरी खाल्लं न्हाईस. हात लांब करून त्याला दिलंस. म्हनलीस, नको रडू. मी तिथंच फरशीवर गुडघे टेकले. म्हनलं, प्रभू, हे लेकरू मला दे." दानम्माने लेकीच्या पाठीवर हात ठेवला. "रूप कसं हाय, मला कुठं म्हाईत होतं? तुझं तोंड मी बघितलंच न्हवतं, पुनम."

पुनमने पडद्यावरच्या मुलीकडे पाहिलं. मुलगी सुंदरच होती. पण तिला कुणी मातीतून काढलं नव्हतं, आणि तिच्यासाठी कुणी गुडघेही टेकले नव्हते.

"जलीलभाई, पुसलेलं परत आणता येतं?"

"हौ बेटा. एका बटणाचं काम."

"मग आणा."

"पुनम, विचार कर," सर म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्यांना क्लासची काळजी होती, तशी तिचीही होती. "अख्खं शहर बघणार आहे. पहिली नजर वणावरच जाईल."

"जाऊ द्या, सर. दुसरी माझ्यावर येईल." तिचा आवाज आता अगदी स्थिर होता. "लावायचा तर हाच फोटो लावा. नाहीतर नुसतं नाव लिहा. पण दुसऱ्या कुणाच्या तोंडाखाली माझं नाव नको."

 सरांनी जलीलभाईंना मानेनेच खूण केली. वण गालावर परत आला.

बाहेर क्लास सुटल्याची गर्दी होती. दानम्माचा हात धरून पुनम सायकलींमधून वाट काढत रिक्षाकडे निघाली. मध्येच ती थांबली.

"माय, पण पट्टी सोडली तेव्हा? तेव्हा तर बघितलंस ना तोंड. काय वाटलं तुला?"

दानम्मा आठवून हसली. "डॉक्टर लई हळहळले. म्हनाले, दानम्मा, वण राहील बघ जन्मभर. मी म्हनलं, राहू द्या की साहेब. लेक राहिली न्हवं!"