बत्तीस पाट

“तुमच्यानं नाय व्हायचं ते,” गंगा म्हणाली आणि पिशवी खुंटीला अडकवून पाय धुवायला मागीलदारी गेली.

तिचा नवरा लवू कुणाशी कधीच काही बोलत नसे, हीच तर सगळी अडचण होती. तीस वर्षं त्यानं रत्नागिरीत गणपतीची शाळा, म्हणजे मूर्तींचा कारखाना, चालवली. शाडूची मूर्ती करावी तर लवूनं, असं लोक म्हणत. पण गिऱ्हाईक अंगणात आलं की हा आतल्या खोलीत. आषाढ लागला की लोक आपापल्या घरचा पाट आणून देत आणि त्या पाटावर त्यांची मूर्ती घडायची. पाट घ्यायचे गंगेनं, उंची विचारायची गंगेनं, किंमत सांगायची तीही तिनंच. लवूला गिऱ्हाइकं ठाऊक होती ती पाटांवरून. माणूस समोर उभा केला असता तर त्याला नाव सांगता आलं नसतं.

पूर्वी ऐंशी पाट यायचे. चार वर्षांत ते बत्तिसांवर आले. यंदाच्या मूर्ती घरोघर गेल्या आणि गंगेनं सांगून टाकलं की आता पुरे, पुढच्या वर्षीपासून शाळा बंद.

हाताला माती नाही असा श्रावण लवूनं जन्मात पाहिला नव्हता. शाळा बंद झाली तर दिवसभर करायचं काय? ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी गप्पा मारायच्या? नेमकं तेच त्याला जमत नव्हतं.

पाट का घटले हे त्याला कुणी सांगायला नको होतं. बाजारातला नवा दुकानदार गिऱ्हाइकाला खुर्ची देतो, चहा पाजतो, तोंडभर बोलतो. आणि हा असा बुजरा. माणसांनी किती वर्षं बंद दाराशी व्यवहार करायचा? बत्तीस उरले तेही गंगेच्या जिवावर. अलीकडे लोक मूर्ती दोन दिवस आधीच नेत, आणि ते दोन्ही दिवस ती पायाला भिंगरी लावल्यासारखी घरोघर फिरे. मूर्ती नीट पोचली ना, काही हवं-नको ना, अशी विचारपूस करायला. एसटीचा दांडा धरून धरून संध्याकाळी तिची बोटं आखडलेली असत. लवूला तिची कीव येई आणि स्वतःचा संताप.

म्हणूनच आज ती दमून आली तेव्हा त्यानं विचारलं होतं, “गिऱ्हाइकांशी मीच जाऊन बोललो तर? पुढच्या वर्षीचे पाट मीच मागून आणले, तर शाळा चालू ठेवशील?”

त्यावर तिचं ते उत्तर. आता मागीलदारातून ती आणखी म्हणाली, “आणि कुणाच्या घरी जाऊ नका. उगीच लोकांना अवघडल्यासारखं होतं.”

हे मात्र त्याला लागलं.

दुसऱ्या दिवशी चतुर्थी. घरची पूजा झाली, नैवेद्य झाला, गंगा शेजारी आरतीला गेली. लवूनं धुतलेला सदरा चढवला आणि जवळच्या पाली गावाची एसटी धरली.

जायचं ठरवलं होतं ते गोदूबाईंकडे. शाळेत येणारा सगळ्यांत जुना पाट त्यांचा. फणसाचा, एक कोपरा झिजलेला. हल्ली पाटाखालची नावं लवूला गंगाच वाचून दाखवी, लोक फार पुसट लिहायला लागले होते. पण हा पाट हाताला लागला की ओळखू येई. मूर्ती न्यायला गोदूबाईंचा मुलगा अनिल येत असे, तोही गंगेशीच बोलून जायचा.

वाटभर लवूनं वाक्यं घोकली. ‘मी लवू, शाळेतला. मूर्ती पसंत पडली ना? पुढच्या वर्षीही पाट द्या.’ हातखंब्याच्या थांब्यापर्यंत सगळं पाठ होतं. पालीला उतरला आणि पहिला शब्द आठवेना.

विचारत विचारत तो घरापाशी पोचला. चतुर्थीला दर्शनाला कुणीही येतं, कोण कुठला हे कुणी विचारत नाही. गोदूबाई एकट्याच मूर्तीपुढे वाती वळत बसल्या होत्या.

“या ओ, बसा. आमची मंडळी वाडीत आरतीला गेलीत.” त्यांनी त्याच्या हातावर मोदक ठेवला.

आपली मूर्ती दुसऱ्याच्या घरात, फुलांत, समयांच्या उजेडात लवू पहिल्यांदाच बघत होता. उदबत्तीच्या धुरातून चेहरा अंधुक दिसला, पण आपलं काम ओळखायला काय निरखून बघावं लागतं? त्याचा ऊर भरून आला. घोकलेलं सगळं राहिलं आणि तोंडून निराळंच गेलं.

“डोळे छान उतरलेत, काकी.”

परक्या बाईशी आपण एवढं बोललो, याचं त्यालाच नवल वाटलं. आता पाटाचंही विचारता येईल.

गोदूबाई खूश झाल्या. “आता छान आहेत. शाळेतनं मूर्ती येते तेव्हा बघवत नाय ओ. एक डोळा हिकडे, एक तिकडे. चार वर्षं झाली, त्या लवूला दिसतच नाय धड. पण त्याला सांगणार कोण? त्याची बायकोच येते मग, रंग-कुंचले घेऊन. घरोघर बसून डोळे नव्यानं आखते. आमचे परवा आखलेन.”

लवूच्या हातातला मोदक हातातच राहिला.

“त्याला कळता नये म्हणून सगळ्यांना शपथ घालते,” त्या वात वळता वळता म्हणाल्या. “तरी लोक पाट घेऊन आजही जातात ओ तिथं. पण दोन दिवसांत एकटीच्यानं बत्तीसच घरं उरकतात, म्हणून बाकीच्यांना तीच दारातनं परत लावते.”