कमरेचा दोर

भगवंतराव पाण्याखाली गेले आणि सोयराबाईने त्यांच्याबरोबर श्वास रोखला. ही तिची नेहमीची खोड. आपला दम संपेपर्यंत नवरा वर यायला हवा, असा तिचा हिशेब होता. हातात त्यांच्या कमरेला बांधलेल्या दोराचं टोक होतं. बोटीच्या पोटाखालून करवंटीचा आवाज येत होता, खर्र, खर्र. आवाज येतोय तोवर माणूस आहे. शेवाळ खरवडायचं असलं की आदल्या दिवशीच ती दोर ओढून ओढून तपासायची.

हलसूरच्या तळ्यात काठाला बांधलेल्या या शिडाच्या बोटीवर दोघं दोन वर्षं राहत होती. बोटीचा मालक गोरा साहेब विलायतेला परतला तेव्हा मल्लेश्वरमच्या एका वकिलाने ती हौसेने घेतली आणि राखायला माणूस शोधला. भगवंतराव युद्धात आगबोटीवर होते, एवढं ऐकल्यावर त्याने पुढे काही विचारलंच नाही. पगार बेताचा, पण राहायला बोट. चामराजपेटेतल्या बहिणीला सोयराबाई सांगायची, "तुम्ही घरातला केर काढता, मी घरातलं पाणी काढते." ते खरंच होतं. सकाळी तळाशी साचलेलं पाणी डब्याने उपसायचं, भिजलेलं शीड पसरून वाळवायचं, फळ्यांच्या फटींत कापूस ठासून वरून डांबर फासायचं. कामाची तिला सवय झाली होती. पाण्याची काही केल्या होत नव्हती.

भगवंतरावांची ऐट मात्र पक्क्या खलाशाची. पोहायला शिकवा अण्णा, म्हणून काठावरची पोरं मागे लागली की म्हणायचे, "आमचं पोहणं खाऱ्या पाण्यातलं. या गोड्या पाण्यात काय मजा?" खाली गेले की एका हाताने बोटीचा कणा धरायचे, दुसऱ्या हाताने खरवडायचे आणि दम संपत आला की दोराला हिसका द्यायचे. मग तिने ओढून वर घ्यायचं.

"एवढे मोठे खलाशी, आणि बायकोनं ओढायचं," ती चिडवायची.

"दोर तुझ्यासाठी आहे. तुझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून बांधतो," ते म्हणायचे.

आज नेमकी वटपौर्णिमा होती. उद्या वकील पाहुण्यांना घेऊन बोटीत बसायला येणार, म्हणून शेवाळही आजच काढायला हवं होतं. काठावरच्या वडाखाली शेजारची गोजराबाई पूजेचं ताट घेऊन केव्हाची उभी होती.

हिसका बसला. तिने ओढलं. भगवंतराव वर आले आणि बोटीची कड धरून धापा टाकू लागले.

"अहो, गोजराअक्का खोळंबल्यात. जाऊन येऊ?"

"स्वल्प थांब. ही एक बाजू होऊ दे." दम भरून ते पुन्हा खाली गेले.

"येतेस का मी जाऊ, सोयरा?" गोजराबाईने हाक मारली. "घरी पोरं उपाशी आहेत."

सोयराबाईला रागच आला. वर्षाचा एक दिवस, तोही या माणसाच्याच आयुष्यासाठी, आणि त्यालाच त्याचं काही नाही. वड तर समोरच होता. दोर काय, आपल्या भित्र्या जिवापुरता. आज एकदा आपले आपण वर येतील. तिने दोराचे डोलकाठीला वेढे दिले, गाठ मारत बसली नाही, आणि फळीवरून काठावर उतरली.

हात जोडून तिने घाईघाईने वडाला सूत गुंडाळायला सुरुवात केली. कान पाण्याकडेच होते. पहिला फेरा झाला तेव्हा खर्र खर्र चालू होतं. दुसऱ्या फेऱ्यात ती खोडाच्या पलीकडे गेली आणि आवाज थांबला.

वर आले असतील, असं तिने स्वतःला सांगितलं. श्वास मात्र रोखला गेला होता. खोडाला वळसा घालून ती पुढे आली. बोटीच्या कडेला डोकं दिसेना. पाणी सपाट होतं. मग तिची नजर डोलकाठीवर गेली. दोराचा वेढा सैल होऊन उलगडत होता. खालून हिसका येई आणि दोर आणखी थोडा पाण्यात जाई. पुन्हा हिसका, पुन्हा थोडा. हा माणूस वर का येत नाही, तिला कळेना.

मग तिने सुताची गुंडी टाकून दिली.

"अगं, फेरा अर्धा सोडू नकोस," गोजराबाईने तिचा दंड धरला. "नवऱ्याच्या आयुष्याचा आहे."

दंड सोडवून सोयराबाई धावली. फळीवर पाय घसरला, गुडघा फुटला, तशीच ती रांगत वर चढली. दोराचं टोक डोलकाठीवरून सुटून कडेवरून घसरत होतं. तिने त्याच्यावर अंग टाकलं, ते दोन्ही मुठींत धरलं आणि पाय कडेला रोवून ओढू लागली. ओढताना ती रडत होती. दोर जड होता आणि आता हिसके येत नव्हते.

आधी केस दिसले, मग तोंड. तिने त्यांना काखेत धरून कसंबसं फळ्यांवर घेतलं आणि पालथं करून पाठीवर थापा मारल्या. पुष्कळ पाणी बाहेर पडलं. बऱ्याच वेळाने ते खोकले.

माणूस जिवंत आहे म्हटल्यावर तिच्या सगळ्या भीतीचा राग झाला.

"दोर नव्हता माझ्या हातात, तर नव्हता. आपले आपण वर यायला काय झालं होतं? एवढी वर्षं दर्यावर काढलीत ना?"

भगवंतरावांनी मान वळवली. तिच्याकडे बघवेना, म्हणून त्यांनी डोळे मिटले.

"आगबोटीवर मी भात शिजवायचो, सोयरा," ते म्हणाले. "पोहायला मला कधी आलंच नाही. दोर तुझ्या हातात असतो, म्हणून उतरतो."